पॅरडी रॉक बँड खरंच हसवतात का, की नुसता विगचा खेळ?

रॉक बँडची टिंगल करायला काढलेले रॉक बँड, म्हणजे ज्यांना पॅरडी बँड म्हणतात, त्यांच्याबद्दल कुणालाही विचारलं की साधारण दोनच उत्तरं मिळतात. एक तर "अरे काय भारी आहेत, पोट धरून हसलो", नाहीतर "पहिलं गाणं ठीक आहे, पुढे तेच तेच". दोन्ही उत्तरं बरोबर असतात, फक्त ती वेगवेगळ्या बँडबद्दल असतात. काही पॅरडी बँड चाळीस वर्षं झाली तरी हसवतायत आणि काही तिसऱ्या गाण्यालाच संपतात. "विनोद काय, ज्याची त्याची आवड" असं म्हणून विषय सोडून देणं मला अजिबात पटत नाही, कारण हा फरक कशामुळे पडतो ते सांगता येतं आणि ते कळलं की ऐकायलाही जास्त मजा येते.

आधी कशाला काय म्हणतात ते बघू. क्वीन किंवा पिंक फ्लॉइडची गाणी जशीच्या तशी वाजवणारे ते ट्रिब्यूट बँड, ते आपल्या विषयात येत नाहीत. अमेरिकेचा विनोदी गायक 'वियर्ड अल' यांकोविक गाजलेल्या गाण्याची चाल ठेवतो आणि शब्द बदलतो, आपण ज्याला विडंबन म्हणतो तेच. स्पायनल टॅप किंवा रटल्स यांची तऱ्हा वेगळी, ते अख्खा खोटा बँड उभा करतात, खोटा इतिहास, खोटे अल्बम, आणि गाणी मात्र सगळी नवीन लिहिलेली, पण अशी की ऐकताना खरा बँड किंवा खरा काळ डोळ्यासमोर आल्याशिवाय राहत नाही. आणि मग एकाच कल्पनेवर चालणारे. लॉस एंजेलिसचा मॅक सॅबथ हा बँड ब्लॅक सॅबथची गाणी बर्गर आणि फास्ट फूडवर बेतून गातो, ॲरिझोनातला ओकिली डोकिली 'द सिम्पसन्स' कार्टूनमधल्या नेड फ्लँडर्सच्या वेषात, तसाच चष्मा आणि तसाच हिरवा स्वेटर घालून, मेटल वाजवायचा.

आता खरी अडचण काय आहे ती सांगतो. विनोद आणि गाणं यांचा स्वभावच उलटा आहे. विनोद पहिल्यांदा ऐकताना सगळ्यात जास्त चालतो, दुसऱ्यांदा निम्मा, तिसऱ्यांदा तर सांगणाऱ्याची दया येते. गाण्याचं बरोबर उलट, पहिल्या वेळी धड कळतही नाही, चार-पाच वेळा कानावर पडलं की आवडायला लागतं आणि मग आपण ते वर्षानुवर्षं ऐकतो. मग विनोदी गाणं म्हणजे नक्की काय करायचं, कारण त्यातला विनोद दर वेळी झिजणार आणि गाणं दर वेळी मुरणार! ज्या बँडकडे फक्त विनोद आहे तो झिजून संपतो, हे आपोआपच होतं, त्यात श्रोत्याचा काही दोष नाही.

दुसरी अडचण एकदम साधी आहे पण तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. रॉक आणि त्यातही मेटल कॉन्सर्टला शब्द ऐकूच येत नाहीत. मोठ्या मैदानावर स्पीकरची भिंत, ड्रमचा दणका, दोन गिटार, त्यात गायक किंचाळतोय, तर तुम्ही शब्दांवर कितीही कोट्या केल्या तरी पंधराव्या रांगेतल्या माणसापर्यंत त्यातलं काय पोचणार. म्हणजे ज्या बँडचा सगळा विनोद शब्दांत आहे तो स्टेजवर अर्धा मेलेलाच असतो. तिथे टिकतो तो दिसणारा विनोद आणि त्याहून जास्त वाजणारा विनोद, म्हणजे चालीत, वाद्यांच्या निवडीत, वाजवण्याच्या पद्धतीत दडलेला.

वाजणारा विनोद म्हणजे काय हे समजायला स्पायनल टॅपचं 'बिग बॉटम' ऐकावं. स्पायनल टॅप हा खोटा ब्रिटिश हेवी मेटल बँड, ख्रिस्तोफर गेस्ट, मायकल मॅककीन आणि हॅरी शिअरर हे तिघे अमेरिकन कलाकार, त्यांच्यावर रॉब रायनरने १९८४ मध्ये 'धिस इज स्पायनल टॅप' हा खोटी डॉक्युमेंटरी असलेला सिनेमा काढला. 'बिग बॉटम'चे शब्द अगदीच बाष्कळ, बाईच्या पार्श्वभागावर, ते सोडून द्या. पण या गाण्यात गिटार वाजवणारे दोघंही गिटार खाली ठेवून बेस उचलतात, तिसरा तर मुळातच बेसवाला, तो दुहेरी दांड्याचा बेस घेऊन उभा राहतो. तीन बेस! रॉक बँडमध्ये बेस एकच असतो आणि त्याचं काम खालचे जाड सूर सांभाळायचं, म्हणजे गाण्याचा विषय 'खालचा जाड भाग' आणि वाजतायत ते पण फक्त खालचे जाड सूर. शब्द एकही कळला नाही तरी तो घरंगळणारा आवाज ऐकूनच हसू येतं, आणि वर ते गाणं ठेक्याला पक्कं आहे त्यामुळे मान पण हलते. २००७ मध्ये लंडनच्या वेम्बली स्टेडियमला लाइव्ह अर्थ कॉन्सर्ट झाली तेव्हा त्यांनी या गाण्याला इतर बँडच्या बेसवाल्यांना पण स्टेजवर बोलावून घेतलं, म्हणजे तोच विनोद अजून मोठा करून वाजवला आणि तो पुन्हा चालला. मूळ सिनेमानंतर २३ वर्षांनी.

हे जमलं कारण ही मंडळी स्वतः वाजवतात आणि चांगली वाजवतात. सिनेमातली गाणी त्यांनी रायनरबरोबर लिहिलीयत, वाजवलीयत त्यांनीच. नंतर १९९२ मध्ये त्यांनी अल्बम काढला, क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरीच्या स्मरणार्थ त्याच वर्षी वेम्बली स्टेडियममध्ये जो प्रचंड कार्यक्रम झाला त्यात वाजवलं, २००९ मध्ये इंग्लंडच्या ग्लास्टनबरी फेस्टिव्हलला वाजवलं. खोट्या बँडला खऱ्या बँडच्या रांगेत उभं केलं जातं ते वाजवता येतं म्हणूनच.

सिनेमातला सगळ्यात प्रसिद्ध सीन घ्या. गिटारवाला नायजेल मुलाखत घेणाऱ्याला आपला ॲम्प्लिफायर दाखवतो, त्याच्या सगळ्या बटणांवर आकडे दहाऐवजी अकरापर्यंत आहेत आणि त्याचा त्याला भयंकर अभिमान. समोरचा विचारतो की मग दहालाच जास्त मोठा आवाज येईल असं का नाही केलं? यावर नायजेल थांबतो. तो थांबतो ना, तिथे सगळा विनोद आहे, कारण त्याच्या चेहऱ्यावर दिसतं की प्रश्न आत गेलाय, आत फिरतोय, आणि त्याला उत्तर सापडत नाहीये, आणि मग तो शांतपणे परत तेच सांगतो की हा अकरापर्यंत जातो. त्याला राग येत नाही, तो पडेल चेहरा करत नाही. त्याचा त्या अकराव्या आकड्यावर मनापासून विश्वास आहे. कोटी करून हसवलं असतं तर एकदाच हसू आलं असतं, पण इथे आपण माणसाला हसतोय आणि माणूस पुन्हा पुन्हा बघता येतो. सिनेमातले बहुतेक संवाद त्यांनी कॅमेऱ्यासमोर उत्स्फूर्त बोललेत, म्हणून ते थांबणं इतकं खरं वाटतं.

तसाच तो स्टोनहेंजचा सीन. इंग्लंडमधल्या त्या प्राचीन दगडांची प्रतिकृती स्टेजवर हवी म्हणून नायजेल कागदी नॅपकिनवर चित्र काढून देतो, पण आकड्यापुढे फुटाची एक रेघ मारायच्या ऐवजी इंचाच्या दोन रेघा मारतो, झालं, १८ फुटांचे दगड १८ इंचांचे होऊन येतात. आणि बँड अत्यंत गंभीर चेहऱ्याने, धूर वगैरे सोडून, मँडोलिन वाजवून प्राचीन गूढ संस्कृतीचं गाणं म्हणतोय आणि वरून गुडघ्याएवढा दगड खाली येतोय. हे जास्तच ताणलंय असं वाटत असेल तर ऐका, १९८३ मध्ये खऱ्या ब्लॅक सॅबथने आपल्या दौऱ्यासाठी स्टोनहेंजचा सेट करून घेतला होता आणि तो इतका अवाढव्य झाला की बहुतेक हॉलमध्ये बसेचना, फूट आणि मीटरमध्ये घोटाळा झाला असं बँडमधल्याच लोकांनी नंतर सांगितलंय. म्हणजे खरा बँड आणि खोटा बँड एकाच खड्ड्यात दोन बाजूंनी पडले.

यातून एक मोठी गोष्ट कळते. रॉकची पॅरडी का जमते, तर रॉक स्वतःला फार गंभीरपणे घेतो. चामड्याच्या पँटी, डोळे मिटून केलेला गिटार सोलो, स्टेजवर धूर, सैतान, ड्रॅगन, आणि हे सगळं करणारा माणूस पडद्यामागे सँडविचचा ब्रेड छोटा आहे म्हणून कुरकुरतोय. ती गंभीरता आणि तो माणूस यांच्यात जेवढं अंतर, तेवढा विनोद. जिथे बँड आधीच स्वतःवर हसत असतो तिथे पॅरडीला काही जागाच उरत नाही. म्हणून मला वाटतं की पॅरडी करणाऱ्याला मूळ गोष्टीचं प्रेम असावंच लागतं, त्याशिवाय इतके बारकावे दिसतच नाहीत.

प्रेमाचं याहून मोठं उदाहरण म्हणजे रटल्स. माँटी पायथन या ब्रिटिश विनोदी गटातला एरिक आयडल आणि संगीतकार नील इनिस यांनी बीबीसीच्या एका कार्यक्रमासाठी बीटल्सची नक्कल म्हणून हे चौघं उभे केले आणि १९७८ मध्ये 'ऑल यू नीड इज कॅश' नावाची अख्खी खोटी डॉक्युमेंटरी अमेरिकेत एनबीसीवर दाखवली गेली. खऱ्या बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन स्वतः त्यात छोट्या भूमिकेत आहे, मिक जॅगर आणि पॉल सायमन खोट्या मुलाखती देतात. पण इथे बघायचं ते इनिसचं काम. त्याने बीटल्सच्या रेकॉर्ड परत न ऐकता, आठवणीवर गाणी लिहिली. बीटल्सनी 'हेल्प' म्हणून हाक मारली तर रटल्सचं गाणं 'आउच'. 'पेनी लेन'च्या जागी 'डबल बॅक ॲली'. नावं ऐकून हसू येतं हे खरं, पण गाणं सुरू झालं की काहीतरी वेगळंच होतं, सूर कुठे वळणार हे आपल्याला आधीच माहीत असतं आणि तो तिथे न वळता शेजारच्या गल्लीत शिरतो, आणि ती गल्ली पण सुंदर असते.

ती गाणी इतकी जमली की त्याचा इनिसला त्रास झाला. बीटल्सच्या गाण्यांचे हक्क ज्या कंपनीकडे होते तिने दावा लावला आणि इनिसला आपल्या गाण्यांच्या कमाईतला अर्धा हिस्सा सोडावा लागला. दुसरीकडे त्याचं 'चीज अँड अनियन्स' हे गाणं बीटल्सच्या एका चोरट्या रेकॉर्डवर जॉन लेननचं दुर्मिळ गाणं म्हणून छापलं गेलं! नक्कल करणाऱ्याला यापेक्षा मोठी पावती काय हवी, पण मला त्या माणसाबद्दल वाईट वाटतं, इतकं उत्तम लिहूनही नाव आणि पैसा दोन्ही वाटून द्यावं लागलं. २०१९ च्या डिसेंबरमध्ये तो गेला. आपल्याकडे आचार्य अत्र्यांनी केशवकुमार नावाने 'झेंडूची फुले' लिहिलं तेव्हा त्या विडंबनांत पण वृत्त कुठे चुकत नाही, मूळ कवीइतकीच पकड असते, आणि इनिस वाचताना मला तेच आठवतं, म्हणजे ऐकताना.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण लोक विचारतात. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९९४ मध्ये टू लाइव्ह क्रू या रॅप ग्रुपच्या खटल्यात सांगितलं की पॅरडी धंद्यासाठी केलेली असली तरी ती 'फेअर यूज'मध्ये, म्हणजे परवानगीशिवाय करता येणाऱ्या योग्य वापरात, बसू शकते, पण ती मूळ कृतीबद्दल काहीतरी बोलत असली पाहिजे. म्हणजे गाजलेली चाल नुसती उचलून तिसऱ्याच विषयावर विनोद केला तर ते संरक्षण ढिलं पडतं. मला हे कायद्यापेक्षा विनोदाचंच तत्त्व वाटतं.

वियर्ड अल मात्र परवानगी मागूनच करतो, कायद्याची सक्ती नसली तरी. १९९२ मध्ये त्याने निर्वाणा या रॉक बँडच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्याची, 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट'ची, पॅरडी केली, 'स्मेल्स लाइक निर्वाणा', त्याआधी त्याने निर्वाणाचा गायक कर्ट कोबेनशी फोनवर बोलून परवानगी घेतली. कोबेनने विचारलं की गाणं खाण्यावर असणार का, कारण तोवर अलची खाण्यावरची गाणी गाजलेली होती. अलने सांगितलं की नाही, तुमचे शब्द कुणालाच कळत नाहीत यावर आहे, आणि कोबेनला ते आवडलं. व्हिडिओ पण त्याच स्टेजवर शूट केलाय आणि त्यात झाडूवाला म्हणून तोच माणूस आहे जो मूळ व्हिडिओत होता. इथे बघा, मघाशी जी अडचण सांगितली, रॉकमध्ये शब्द कळत नाहीत ही, तिलाच त्याने गाण्याचा विषय केला. तोंडात गोट्या कोंबल्यासारखं बरळतो आणि ते बरळणं ऐकून हसायला शब्द कळायची गरजच नाही.

त्याच्या मागचा बँड पण लक्षात ठेवण्यासारखा. ड्रमर जॉन श्वार्ट्झ, गिटारवर जिम वेस्ट, बेसवर स्टीव्ह जे, ही माणसं ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपासून त्याच्याबरोबर आहेत आणि त्यांना पोल्का, ग्रंज, रॅप, हेवी मेटल सगळं मूळ रेकॉर्डसारखं वाजवता येतं. २०१४ मध्ये त्याचा 'मँडेटरी फन' अल्बम बिलबोर्डच्या यादीत पहिला आला, कॉमेडी अल्बमला तो मान त्याआधी १९६३ मध्ये ॲलन शर्मनला मिळाला होता. पन्नास वर्षांनी.

आता जिथे जमत नाही तिकडे येऊ. ब्रिटनमध्ये स्पायनल टॅपच्या सिनेमाच्याही एक वर्ष आधी 'बॅड न्यूज' नावाचा खोटा मेटल बँड चॅनल फोरवर आला, रिक मेयल, एड्रियन एडमंडसन, नायजेल प्लॅनर आणि पीटर रिचर्डसन. टीव्हीवर धमाल होती, कारण त्यांचं आपसातलं भांडण बघायला मिळायचं. पण त्यांचा विनोद असा की आम्ही फार वाईट वाजवतो. १९८६ मध्ये ते खरोखरच डॉनिंग्टनच्या मॉन्स्टर्स ऑफ रॉक फेस्टिव्हलला स्टेजवर उभे राहिले आणि लोकांनी बाटल्या फेकल्या. टीव्हीवर अर्धा मिनिट वाईट वाजवणं ऐकून हसू येतं, मैदानात तिकीट काढून उभ्या असलेल्या माणसाला अर्धा तास वाईट संगीत ऐकवलं तर तो का ऐकेल? क्वीनचा गिटारवाला ब्रायन मे याने त्यांचा अल्बम प्रोड्यूस केला तरी हा प्रश्न सुटत नाही.

आणि स्टील पँथर. हा बँड मला कोड्यात टाकतो, कारण वाजवण्यात ते कुणालाही ऐकणार नाहीत, त्यांचा गिटारवाला जुडास प्रीस्ट या मेटल बँडचा गायक रॉब हॅलफर्ड याच्या फाइट या बँडमध्ये वाजवून आलेला आहे, गायकाचा आवाज उंच सुरात कुठे फाटत नाही. ऐंशीच्या दशकातल्या लॉस एंजेलिसच्या केस फुगवलेल्या ग्लॅम मेटलची ते नक्कल करतात आणि २००९ च्या 'फील द स्टील'पासून गाणी एकाच विषयावर, बायका, सेक्स आणि शिव्या. सुरुवातीला त्यात त्या काळातल्या पुरुषी माजाची टिंगल आहे असं वाटतं. पण एकामागून एक गाणी ऐकत गेलो की टिंगल कुठे संपते आणि तोच माज कुठे सुरू होतो ते कळेनासं होतं, आणि मला तिथे हसू येणं थांबतं.

स्पायनल टॅपमध्ये हाच विषय आहे पण किती वेगळा हाताळलाय. त्यांच्या नव्या अल्बमचं कव्हर बाईचा अपमान करणारं आहे म्हणून रेकॉर्ड कंपनी अडून बसते, सेक्सिस्ट आहे असं सांगते, आणि नायजेल निरागसपणे विचारतो की सेक्सी असण्यात वाईट काय? त्याला दोन शब्दांतला फरकच माहीत नाही. आपण हसतो ते त्याच्या अडाणीपणाला, त्या बाईला नाही. शेवटी कव्हर सगळं काळंकुट्ट छापून येतं आणि हे लोक त्या काळ्या कव्हरमध्ये पण गूढ अर्थ शोधत बसतात. विनोदाचा रोख कुणावर आहे यावर मी तरी बँड पारखतो.

एकाच कल्पनेवर चालणाऱ्या बँडबद्दल फार बोलण्यासारखं नाही, फोटो बघितला की नव्वद टक्के विनोद कळलेला असतो. अपवाद ड्रेड झेपेलिनचा, लेड झेपेलिनची गाणी रेगेच्या ठेक्यात आणि गायक जाड्या एल्व्हिसच्या वेषात. ही कल्पना एकच असली तरी ती संगीतातली आहे, त्यामुळे प्रत्येक गाण्याला ती वेगळी लागू होते आणि कान जागा राहतो. लेड झेपेलिनचा गायक रॉबर्ट प्लांट यालाही हा बँड आवडायचा.

आपल्याकडे हा प्रकार फार झाला नाही, पण झालाच नाही असंही नाही. मुंबईच्या डिमॉनिक रिझरेक्शन या जड मेटल बँडच्या साहिल मखिजाने वर्कशॉप नावाचा कॉमेडी बँड पण चालवला. आणि दिल्लीच्या ब्लडीवूडची गोष्ट तर प्रत्येकाने ऐकावी अशी. करण कटियार आणि जयंत भादुला यांनी सुरुवात केली ती पॉप गाण्यांच्या मेटल पॅरडी करून इंटरनेटवर टाकायला, २०१८ मध्ये दलेर मेहंदीच्या 'तुनक तुनक तुन'चं मेटल रूप केलं आणि ते जगभर पसरलं. लोक हसायला आले आणि ढोल आणि जड गिटार एकत्र किती जोरदार वाजतात हे ऐकून थांबले. मग त्यांनी स्वतःची गाणी लिहायला घेतली, डिप्रेशनवर, शाळेतल्या दादागिरीवर, लैंगिक अत्याचारावर, २०१९ मध्ये जर्मनीच्या वाकेन फेस्टिव्हलला वाजवलं, २०२२ मध्ये 'रक्षक' अल्बम आला. पॅरडी करताना हाताला लागलेला आवाज खरा निघाला. मला यात आश्चर्य वाटत नाही, कारण चांगली पॅरडी करायला गाणं आतून उघडून बघावं लागतं आणि ते एकदा जमलं की स्वतःचं गाणं बांधणं फार लांब राहत नाही.

ज्यांनी यातलं काहीच ऐकलं नाहीये त्यांनी निर्वाणाचं मूळ गाणं दोन-तीनदा ऐकून मग लगेच अलचं लावावं, फरक तिथल्या तिथे कळतो. मग स्पायनल टॅपचा सिनेमा, पण मोबाइलवर नको, बरे स्पीकर असलेल्या टीव्हीवर बघा, नाहीतर त्या तीन बेसचा काही उपयोग नाही. रटल्स शेवटी ठेवा, कारण त्यासाठी बीटल्सची निदान दहा-बारा गाणी कानात मुरलेली लागतात. ती नसतील तर आधी 'हेल्प' आणि 'पेनी लेन' ऐका, दोन दिवस जाऊ द्या, आणि मग 'आउच' लावा.